छबिलालची बादली

रोज संध्याकाळी सहाला, पावण्याच्या कंपनी फाटकासमोर
छबिलाल गाळणं उलटं करून बादलीच्या काठावर आपटतो,
तीनदा. तिसऱ्या ठोक्याला चोथा सुटतो
वाफाळत, आल्याचे तंतू आणि वेलचीची सालं घेऊन.
दिवसाला अकरा किलो, ओला.
मी काटा घेऊन गेलो होतो म्हणून सांगतो.

बावीस वर्षं मी रंगाच्या कंपनीत शेड जुळवली.
पिंपातला नारिंगी आणि नमुन्याच्या चिंधीतला नारिंगी,
दोघांत केसाएवढं अंतर पडलं तरी
माझ्या डाव्या डोळ्याला आधी कळायचं.
कंपनी दहेजला गेली.
डोळा इथेच राहिला.

आता घरामागे, सुंदराच्या जुन्या पातेल्यात
चोथा, तो बुडेल एवढं पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा
आणि मंद आच.
उकळी आली की पाणी रागावतं, गढूळ होतं.
तासाभराने फडक्यातून गाळायचं,
पिळायचं नाही.
हे न पिळणं शिकायला दीड महिना गेला मला.

तुरटीत भिजवलेलं सुती कापड त्यात घातलं तर बिस्किटी.
वर गंजक्या खिळ्यांचं पाणी शिंपडलं
तर डोळ्यांदेखत राखाडी, मग त्याहून गडद.
सुंदरा म्हणते, एवढा खटाटोप करून शेवटी मळकाच रंग?
मी म्हणतो, मळका नाय गो, खाडीचा,
ओहोटीला दिसतो ना, तो.
ती म्हणते, चिखल बघायला गॅस कशाला जाळायला पायजे?

गेल्या महिन्यात बादली रिकामी.
टेम्पोवाला येतो, छबिलाल म्हणाला, नजर स्टोव्हवर ठेवून.
किलोला आठ रुपये देतो. नेऊन सुकवतो.
तुम्ही काय देते, काका?

मी त्याच्या डब्यातली चिमूटभर नवी पत्ती मागितली.
काळी, चकचकीत; स्वस्त पडते म्हणून
दिवाळीपासून हीच आणत होता.
टिपकागद ओला करून त्यावर पेरली.
थांबलो. दोन रिक्षावाले, एक कुरियरचा पोरगा, तेही थांबले.
दाण्यादाण्याभोवती वर्तुळं उठली,
अंगावर गोवर उठावा तशी.
नारिंगी.

त्याच्याच बादलीतून गेलेलं
कुठल्याशा गाळ्यात रंगून, पुडीत बसून
त्याच्याच पातेल्यात परत आलं होतं.
कुरियरच्या पोराने भरलेला ग्लास
हळूच फळीवर ठेवला.
म्हणजे मी, छबिलाल म्हणाला,
आणि पुढचं वाक्य पंपाच्या आवाजात गेलं,
स्टोव्हला हवा भरायला घेतली होती त्याने, लागत नसताना.

मी त्याला एवढंच सांगितलं की दुकान बदल.
तो नारिंगी मी ओळखला, हे नाही सांगितलं.
कुठल्या नंबरच्या पिंपातला, किती पिवळ्याला किती लाल,
कुणाच्या सहीने पास होऊन बाहेर पडायचा.
कपड्याला म्हणून पडायचा, हे खरं.
सुंदरालाही नाही सांगितलं.
त्या रात्री चहा केला तिने, मी दूध मागितलं.

आता बादलीला झाकण आहे, वर खडूने माझं नाव,
चुकीचं, पण माझंच.
टेम्पो पुढच्या चौकात थांबतो म्हणे.

काल छबिलालने गल्ल्यावरचं फडकं दिलं,
ग्लास पुसायचं, कडा उसवलेल्या.
म्हणाला, याला पण लावून द्या ना रंग.
मी ते उन्हात धरलं. आधी डावा डोळा, मग उजवा.
ओहोटीचा, अगदी तोच,
दोन महिने सोडा आणि खिळे बदलून मला न सापडलेला.
किती दिवसांचं आहे, विचारलं.
कोण मोजतंय, काका.

दुसरं दे, म्हटलं.
याला आता काय लावू.